फळ्या सुकेपर्यंत

पट्टा सरकला आणि बोट वीतभर खाली आली, तेव्हा मला बरं वाटलं.

तसं झालं काहीच नाही. क्रेनच्या दोन रुंद पट्ट्यांत लटकून बोट पाण्यातून वर आली होती, पोटाखालून पाणी गळत होतं, आणि धक्क्याची कड ओलांडून ती यार्डात येत असतानाच मागचा पट्टा शेवाळावरून घसरला. बोटीचं मागचं टोक खाली बसलं, कुठेतरी लाकूड करकरलं, आणि पट्टा सुकाणूच्या अलीकडे अडकून थांबला. क्रेनवाल्याने तोंडातली काडी न काढता एक शिवी हासडली आणि म्हणाला, ‘बसली जागेवर. जाते कुठे!’ हे सगळं एका जांभईएवढ्या वेळात झालं. पण तेवढ्या वेळात मी ती बोट खाली आपटलेली, कण्यातून दुभंगलेली पाहून घेतली, आणि येतो म्हणून कळवलेल्या पाहुण्याचा ‘जमत नाही’ असा फोन आल्यावर वाटतं तसं मला मोकळं वाटलं. मग बोट पडली नाही हे लक्षात आलं, म्हणजे पाहुणा येणारच होता.

बाबा माझ्या शेजारी उभे होते. ते पुढच्या टोकाकडे बघत होते, आणि बाबांना हल्ली ते जिकडे बघतात तेवढंच दिसतं. ‘कसला आवाज झाला?’ त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘काही नाही, क्रेनचा.’ ते मान हलवून पुन्हा बघू लागले, तिच्या तळाला चिकटलेल्या शिंपल्यांकडे, हिरव्या लोंबत्या शेवाळाकडे, आणि समाधानाने म्हणाले, ‘शी! काय अवस्था करून घेतलीय.’ हे वाक्य माझ्या ओळखीचं होतं. लहानपणापासून मी ते दवाखान्याच्या पडद्याआडून ऐकत आलो आहे.

बाबा दाताचे डॉक्टर होते. आमच्या भागातल्या एका अख्ख्या पिढीने त्यांचा चेहरा फक्त उलटा पाहिलेला आहे, हनुवटी वर आणि कपाळ खाली, आणि त्यातले काही लोक रस्त्यात त्यांना ओळखत नसत. समोरच्याचं तोंड उघडं आणि कापसाने भरलेलं असताना त्याच्याशी गप्पा मारायची त्यांना उभ्या आयुष्याची सवय. प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलत राहायचं. ‘मुलगी काय करते? लग्न ठरलं? छान, छान, अजून उघडा.’ घरीही तसंच. त्यामुळे आमच्या घरात कुणी बाबांना कधी काही सांगितलं आहे असं मला आठवत नाही. आई सांगत असे, पण ती भांड्यांशी बोलत असल्यासारखी, आणि उत्तर आलंच तर भांड्यांकडूनच येईल अशा अपेक्षेने. मी तर सांगायचोच नाही. मला दाढ दुखायला लागली तरी मी गाल आत ओढून जेवायचो, आणि मग एखाद्या संध्याकाळी बाबा हातातलं वर्तमानपत्र ठेवून माझी हनुवटी धरायचे आणि म्हणायचे, ‘उघड.’

घरी परतताना बसमध्ये ते बरं वाटणं माझ्याबरोबर आलं. दातात अडकलेल्या टरफलासारखं. जीभ दुसरीकडे नेली की पुन्हा तिथेच. मी खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचल्या, एका बाईच्या पिशवीतून वर आलेली पावाची टोकं मोजली, ऑफिसातल्या उद्याच्या कामांची मनात उजळणी केली, आणि तरी मला बरं वाटतच होतं आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटत होतं. या वयात माणसाला एका वेळी एकच काहीतरी वाटावं. दोन्हीसाठी ताकद पुरत नाही.

बोट आमच्याकडे आली तेव्हा मी शाळेत होतो. लाकडाची, कुणीतरी वापरून कंटाळलेली, मागे एक खोकणारं इंजिन असलेली. बाबा तिला ‘ती’ म्हणत. आई तिला सवत म्हणायची. रविवारी सकाळी बाबा टोपी शोधू लागले की आई स्वयंपाकघरातून विचारायची, ‘निघाली का स्वारी सवतीकडे?’ आणि मग त्याच सवतीसाठी तिने शिवणयंत्रावर जाड ताडपत्रीचं झाकण शिवलं, चार सुया मोडून, सवतीला ऊन लागू नये म्हणून. ते झाकण अजून आहे. आई नाही. ताईला बोटीचं वेड होतं. ती पुढच्या टोकावर पाय सोडून बसायची आणि अंगावर पाणी उडालं की किंचाळायची. मला बोट लागायची. धक्का सुटला की माझ्या पोटात काहीतरी सावकाश कुशीवर वळायचं, आणि मी खाडीच्या पार जाऊन येईपर्यंत क्षितिजाकडे बघत बसायचो, कारण बाबांनी तसं सांगितलं होतं. क्षितिजाचा मला तेव्हापासून कंटाळा आहे.

दर वर्षी थंडी सरली की बोट बाहेर काढायची. लाकडाच्या घोड्यांवर टेकवून ठेवायची. तळ खरवडायचा, फळ्यांमधल्या फटींत कापसाची दोरी ठोकून वरून लुकण भरायचं, रंग द्यायचा, आणि रंग वाळला की लगेच पुन्हा पाण्यात. लगेच, कारण लाकडी बोट ओली असते तोवरच बोट असते. पाण्यात फळ्या फुगलेल्या असतात, एकमेकींना घट्ट दाबून धरतात. बाहेर उन्हात राहिली की फळ्या आकसतात, फटी उघडतात, आणि फार दिवस राहिली तर लाकूड असं वाकतं की मग कितीही लुकण भरा, ती पुन्हा बोट होत नाही. तिच्यात लोक फुलझाडं लावतात. म्हणून पुन्हा पाण्यात सोडताना एकदम सोडायची नाही. पट्ट्यांत धरूनच खाली उतरवायची आणि तशीच लटकत ठेवायची, फळ्या फुगेपर्यंत. बाबा म्हणत, ‘तिला पाणी पिऊ दे.’ आणि ती पीत असताना आत कुणीतरी बसून पाणी उपसत राहायचं. हा आमच्या घरातला नियम होता: ती पाणी पीत असताना तिला एकटं सोडायचं नाही. लहानपणी आत ताई आणि मी असायचो, हातात कापलेले डबे. ताई गाणी म्हणायची. मी मोजायचो.

त्याच ताईचा फोन आला. बोट घोड्यांवर चढली त्याच रात्री जेवणं व्हायच्या आत.

‘काढली बाहेर?’

‘काढली.’

‘बरं झालं. आता मी काय म्हणते...’ ताईची सगळी मतं ‘मी काय म्हणते’पासून सुरू होतात आणि तुला काय वाटतं इथपर्यंत कधी पोचत नाहीत, ती बाबांचीच मुलगी. ‘मी काय म्हणते, ती परत घालूच नकोस.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे घालू नकोस. राहू दे तशीच. वाळली की आपोआप प्रश्न मिटला. कुणाला काही बोलायला नको, भांडायला नको. बोटच राहिली नाही तर ते जाणार कशातून?’

ती बोलत होती ते चूक नव्हतं, हा त्यातला सगळ्यात त्रासदायक भाग. बाबांना काचबिंदू आहे. पेपरातली बारीक अक्षरं ते वाचतात, सुईत दोरा ओवतात, पण बाजूचं काही दिसत नाही. नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं. डॉक्टरांनी गाडी बंद केली तेव्हा ते म्हणाले होते, ‘पुढचं मला दिसतं. मागचं कुणालाच दिसत नाही. राहिलं काय, बाजूचं!’ थंडी सुरू होण्याआधी एका रविवारी ते एकटेच खाडीत होते आणि वल्ह्यांची शर्यत खेळणाऱ्या मुलींची एक लांबलचक अरुंद होडी डावीकडून येत होती. बाबांच्या बोटीने त्यांची दोन वल्ही मोडली. एक मुलगी पाण्यात पडली, तिला बाकीच्यांनी ओढून घेतलं, तिला काही झालं नाही. बाबांनी मला फोन करून सांगितलं ते असं: ‘आजकालच्या मुलींना समोर बघायला नको. आडव्या आल्या.’ मी त्या मुलीला पाहिलं नाही. तरी ती मला अधूनमधून दिसते, ओल्या केसांची, आणि दर वेळी तिला बाहेर ओढायला जरा जास्त उशीर झालेला असतो.

‘तूच सांग ना त्यांना,’ मी ताईला म्हणालो.

‘मी इतक्या लांबून काय सांगू? तू जवळ आहेस.’

आमच्या कुटुंबात जवळ असणं हा एक हुद्दा आहे. त्याला बढती नसते.

माझी नोकरी लिफ्टच्या कंपनीत. मी लिफ्ट बनवत नाही, दुरुस्तही करत नाही. कुठली लिफ्ट कधी बंद ठेवायची ते मी ठरवतो. या धंद्यात इतकी वर्षं काढून मला एक गोष्ट नक्की कळली आहे. लिफ्ट कायमची बंद होणार असं लोकांना सांगितलं तर ते ऑफिसात येऊन टेबलावर मुठी आपटतात. ‘दुरुस्तीसाठी बंद’ अशी पाटी लावली तर जिना चढतात. पहिल्या आठवड्यात चौकशी करतात, मग कुरकुर करतात, मग त्यांचे पाय तयार होतात. काही इमारतींत मी लावलेल्या पाट्या अजून आहेत. पोरं मोठी होऊन बाहेर पडली, त्यांनी ती लिफ्ट कधी हललेली पाहिली नाही. त्यांना ती भिंतीतली एक लोखंडी खोली वाटत असावी. कुणावर आवाज चढवावा लागला नाही, कुणाला नाही म्हणावं लागलं नाही. तेव्हा ताई जे सांगत होती त्यात मला नवीन असं काहीच नव्हतं. बढती नव्हती, एवढंच.

मी बाबांना सांगितलं की यंदा रंग मिळत नाहीये. त्यांना हवा तो तांबडा, तळाला लावायचा, तो कंपनीने बंद केलाय बहुतेक, मी चौकशी करतो. पुढच्या रविवारी रंग आला होता, पण लुकण चांगलं नव्हतं. मग क्रेन मोकळी नव्हती. मग भरतीची वेळ आणि माझी सुट्टी जमेना. दर रविवारी मी त्यांच्याकडे जायचो. ते दारातच, मी बूट काढत असताना, विचारायचे, ‘काय, कधी?’ आणि मी वाकलेल्या अवस्थेतच उत्तर द्यायचो. बूट काढताना खोटं बोलणं सोपं जातं, तोंड खाली असतं. आणि बाबा नेहमीप्रमाणे उत्तर पुरतं न ऐकता आत वळायचे, ‘बरं, बरं, चहा टाक.’ मी चहा टाकायचो. भिंतीवर आईच्या हातची घड्या घातलेली फडकी अजून तशीच खुंटीला होती. दिवस तापत चालले होते. चहाच्या भांड्यातून वाफ येताना मला यार्डातल्या बोटीच्या फळ्या दिसायच्या, एकमेकींपासून सावकाश दूर सरकणाऱ्या, एकाच घरात राहून बोलणं बंद केलेल्या माणसांसारख्या, आणि मी त्यात साखर घालायचो.

बायको एकदा म्हणाली, ‘एकदाचं सांगून का टाकत नाहीस?’

‘सांगतो.’

‘तू सांगतो म्हणालास की मी ते काम मेलं असं धरते.’

‘सांगतो म्हणालो ना.’

‘तुमचं घर म्हणजे ना,’ ती उशीचा अभ्रा झटकत म्हणाली, ‘सगळे एकमेकांना सांभाळून घेतात, आणि त्यात माणूस गुदमरून जातो.’

मला त्यावर चांगलं उत्तर सुचलं होतं, पण तोवर तिने दुसरा अभ्रा घेतला.

मी दमलो होतो. काम करून दमतात तसा नाही. काम न होऊ देण्याचं काम फार अंगावर येतं, हे कुणी सांगत नाही. एखादी गोष्ट होण्यासाठी एकदा धडपडावं लागतं. ती होऊ नये म्हणून रोज. जिना चढताना मला वाटायचं की मी काहीतरी धरून उभा आहे आणि हात सोडला तर ते पडेल, आणि ते पडावं हीच तर माझी इच्छा आहे; मग मी धरलं आहे तरी काय? ऑफिसात दुपारी टेबलावर डोकं टेकलं की पट्टा सरकल्याचा आवाज यायचा. करकर. आणि लगोलग ते मोकळं वाटणं. मी मनाशी वाद घालायचो की मला बरं वाटलं ते बोटीचं, बाबांचं नव्हे. मग विचार यायचा की बोट गेल्यावर बाबा रविवारी टोपी शोधणार नाहीत. मग काय शोधतील? आणि मग तिसराच विचार, जो मी पुरा कधी केला नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबावी तसा तो थांबायचा आणि मी दारावर न ठोठावता उभा राहायचो.

मग एका रविवारी बाबांनी विचारलं नाही. मी बूट काढले, उत्तर तयार होतं, आणि ते म्हणाले, ‘ऊन फार आहे, पाणी पी.’ पुढच्या रविवारीही नाही. त्यांचे पाय तयार झाले, मी मनात म्हणालो. ताईला कळवलं, ती म्हणाली, ‘बघ, मी काय म्हणत होते.’ सगळं माझ्या धंद्याच्या नियमांप्रमाणे चाललं होतं, आणि मला झोप लागेनाशी झाली. बाबांचा चेहरा काळवंडला होता, आणि हातही. घरात बसणाऱ्या माणसाचे हात उन्हाने कसे काळवंडतील? पॅंटची टोकं आखडल्यासारखी, पांढऱ्या वाळलेल्या रेषा असलेली. मी ते पाहिलं आणि माझ्या सवयीप्रमाणे त्याची चौकशी पुढच्या आठवड्यावर ढकलली.

एका कामाच्या दिवशी बंदराजवळच्या इमारतीत लिफ्ट अडकली म्हणून मला जावं लागलं. अडकलेली माणसं आपणच बाहेर आली होती, मी गेलो तो नुसता सही करायला. परत येताना यार्डाचं फाटक उघडं दिसलं आणि मी आत शिरलो. फळ्या किती उघडल्यात ते एकदा बघावं, एवढाच हेतू होता. बोट कितपत वाळलीय. मला वाटतं, रोगी गेला आहे ना हे बघायला येणाऱ्या नातेवाइकांसारखी माझी चाल झाली होती.

बोट घोड्यांवर होती आणि तिच्यातून पाणी गळत होतं. पोटाच्या प्रत्येक फटीतून थेंब, खाली जमीन काळी झालेली. पाण्यात नसलेल्या बोटीच्या आत पाणी. यार्डाच्या नळापासून निघालेली एक रबरी नळी शिडीवरून वर जाऊन आत गेली होती. बोटीला लागून लाकडांचा ढीग होता, त्यावर चढून मी डोकावलो. आणि आत, आईने शिवलेलं झाकण अर्धं डोक्यावर ओढून, पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून, घोट्याएवढ्या पाण्यात पाय ठेवून बाबा बसले होते. समोर बघत. ज्या बाजूला पाणी असायला हवं होतं त्या बाजूला, म्हणजे यार्डाच्या विटांच्या भिंतीकडे.

मी ढिगावरूनच त्यांच्या उजव्या बाजूने पुढे झालो. हाक मारणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं की मी त्यांच्या खांद्यापासून हातभर अंतरावर आहे आणि त्यांना मी दिसत नाही. ते अंध नव्हते, डोळे उघडे होते, मी समोर येऊन उभा राहिलो असतो तर माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण त्यांनी पाहिलं असतं. पण इथे मी नव्हतोच. माझा बाप माझ्या शेजारी बसलेला असताना मी नसणं हे मला लहानपणापासून अपरिचित नव्हतं. पण तेव्हा ते नुसतं वाटायचं. मी उभा राहिलो. डोळ्यांच्या कडेला आलेल्या माणसाला नाहीसं करणारं ते धुकं कसलं असेल ते मला कळलं, आणि त्या मुलींची होडी याच धुक्यातून आली असेल, हे मला आता पटत होतं, कारण आता त्यात मी उभा होतो.

क्रेनवाला पलीकडे साखळीला तेल घालत होता. ‘डॉक्टर,’ तो ओरडला, ‘अजून किती दिवस पाजणार तिला? पाण्याची टाकी रिकामी केली तुम्ही माझी!’

‘मुलगा सांगेल तेव्हा थांबेन,’ बाबा म्हणाले.

‘आणि सांगतो कधी तो?’

‘सांगेल. त्याला काहीतरी बोलायचंय, बिचाऱ्याला जमत नाहीये. लहानपणी दाढ सुजायची त्याची, सांगायचा नाही. गालावरून कळायचं मला. मी उघड म्हणेपर्यंत तोंड मिटून फिरायचा.’

‘मग आता म्हणा की उघड.’

‘छे. आता त्याचे केस पिकले. आता नाही म्हणता येत.’

मी ढिगावरून उतरून शिडी चढलो. शिडी हलली तसे बाबा वळले, मान पुरती वळवून, आणि मी त्यांच्या नजरेत आलो.

‘ये. बूट काढ, पाणी आहे.’

‘आत्ताच आलो,’ मी म्हणालो.

‘आत्ता नाही. बराच वेळ झाला. बूट वाजतात तुझे. दिसत नाही मला, ऐकू येतं.’

‘मग ते आत्ता जे बोललात...’

‘ते क्रेनवाल्याशी बोलत होतो,’ बाबा म्हणाले, चेहऱ्यावरची रेषही न हलवता.

मी बूट काढले. पाणी गार होतं. नळी पायाशी सापासारखी पडून हळूहळू ओकत होती. मी वाट पाहिली की आता ते बोलतील, नेहमीसारखे पुढे निघून जातील, आणि मला फक्त हं हं करावं लागेल. पण ते गप्प बसून माझ्याकडे बघत होते, सरळ, नळीतून. त्यांना मी उत्तराची वाट बघताना कधी पाहिलं नव्हतं. ते त्यांना नीट जमत नव्हतं, ओठ मधूनच हलत होते.

‘बाबा, तुम्हाला बाजूचं दिसत नाही,’ मी म्हणालो. ‘त्या मुली आडव्या आल्या नव्हत्या. तुम्ही धडकलात. एखादी गेली असती. बोट पाण्यात घालायची नाही असं मी आणि ताईने ठरवलंय.’ ताईला मध्ये घेतलं, कारण सगळं वाक्य एकट्याने उचलवेना.

‘रंग मिळत होता?’

‘मिळत होता.’

‘लुकण?’

‘तेही.’

‘हं.’ त्यांनी पाण्यात पायाची बोटं हलवली. ‘ती पोर पडली ना, तिचं तोंड मला दिसलं. पाण्यात पडल्यावर ती समोर आली, तेव्हा दिसली. त्याआधी तिथे काहीच नव्हतं रे. स्वच्छ पाणी होतं.’ पुढे म्हणाले, ‘मी आता चालवणार नाही असं कबूल केलं तर विश्वास बसेल तुझा?’

‘नाही.’

‘बरोबर. माझाही बसत नाही.’ मग त्यांनी बाजूच्या फळीवर तळवा ठेवला, न बघता. ‘द्यायची तर कुणाला देऊन टाक. फोडायची तर फोड, मी कुऱ्हाड आणून देतो. पण हे असं नको. काही न बोलता उन्हात ठेवून द्यायचं आणि वाळायची वाट बघायची, असं करू नये कुणाचं.’

नळी वाहत होती. मी ती उचलून दुसऱ्या टोकाला ठेवली, तिकडचं लाकूड कोरडं दिसत होतं म्हणून. एवढंच केलं. पण बाबांनी ते पाहिलं असावं, किंवा ऐकलं.

शनिवारी मोठी भरती होती. ओल्या लाकडावर लुकण धरत नाही, तेव्हा बोट यंदा तशीच पाण्यात घालायची ठरली. ताईला सांगितलं की घालतोय. ती म्हणाली, ‘कुणाला काही झालं तर?’ मी म्हणालो, ‘मग मी जवळ असेन.’ ‘मी काय म्हणते,’ ती म्हणाली, आणि बहुधा पहिल्यांदाच तिला पुढे काही म्हणायचं सुचलं नाही.

क्रेनने बोट उचलली, धक्क्यावरून नेली आणि पट्ट्यांसकट पाण्यात टेकवली. आम्ही दोघे आत होतो. पाणी आलं ते एखाद्या ठिकाणाहून आलं असं म्हणता येणार नाही. ते सगळीकडूनच आलं, जशी काही बोट म्हणजे पाण्यावर काढलेली नुसती एक रेघ होती. बाबांनी ओतलेल्या पाण्याने ती मेली नव्हती एवढंच, बरी मात्र नव्हती. आम्ही उपसायला लागलो. बाबा मागे, मी पुढे, हातात डबे. मी मोजत नव्हतो. पाठ धरली, मग खांदे, मग काहीच नाही, हात आपणच जाऊन येत होते. पाणी नडगीपर्यंत चढलं. ऊन डोक्यावर आलं आणि पुढे कललं. एकदा वाटलं, पाणी थांबलं. मग कळलं की आम्ही दोघेही थांबलो होतो, आणि ते चढत होतं.

क्रेनवाला धक्क्याच्या कडेला उकिडवा बसला. ‘साहेब, दुसरी बोट ताटकळलीय माझी. ही काही धरत नाही. उचलू?’

मी बाबांकडे बघितलं. ते उपसत होते. मान वर केली नाही. मी त्यांच्या समोर होतो, अगदी समोर, आणि तरी त्यांनी बघितलं नाही. त्यांनी मुद्दाम मला बाजूला ठेवलं होतं. आणि माझ्या लक्षात आलं की इतकी स्वच्छ संधी पुन्हा यायची नाही. उचल म्हटलं की झालं. प्रयत्न केला, सगळ्यांच्या देखत केला, लाकूडच संपलं होतं, कुणाचा दोष नाही. घरी जाऊन गरम पाण्याने अंघोळ. ताई म्हणेल, तू केलंस ते खूप केलंस. बाबाही काही म्हणणार नाहीत. मी इतका दमलो होतो की तो शब्द तोंडात येऊन बसलाच होता; तीन अक्षरं, त्याला काही वजनही नव्हतं.

‘थांब अजून,’ मी म्हणालो.

‘किती?’

‘थांब म्हणालो ना!’ माझाच आवाज मला नवीन होता. क्रेनवाल्याने काडी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि दुसऱ्या बोटवाल्याला हाताने काहीतरी खुणावलं, बहुधा माझ्याविषयी.

दुपार गेली. कधीतरी डबा खाली घासला आणि तळाच्या लाकडाचा आवाज आला. मी फळीवरून अंगठा फिरवला. सकाळी ज्या फटीत नख जात होतं तिथे आता नखाला नुसती रेघ लागत होती. पाणी येत होतं, पण दम लागल्यासारखं, थांबून थांबून. बाबांनी डबा खाली ठेवला. त्यांनी एकेक हात मांडीवर चोळला. दुखत असावेत, त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, मग विचारलं. ‘दुखतायत,’ ते म्हणाले.

‘पट्टे सोड,’ मी क्रेनवाल्याला म्हणालो.

बोट खाली बसली, पाण्याने ती घेतली, आणि माझ्या पोटात ते जुनं काहीतरी सावकाश कुशीवर वळलं. बाबा इंजिनाजवळ उभे होते, सुकाणूच्या दांड्यावर हात न ठेवता. ‘कोण बसतंय?’ त्यांनी विचारलं.

मला चालवता येत नाही. मी कधी शिकलो नाही. मी क्षितिजाकडे बघत होतो. ‘तुम्ही बसा,’ मी म्हणालो. ‘मी पुढे बसतो. दोन्ही बाजूंचं मी सांगेन. पण मी नसेन तेव्हा ही धक्क्यावरून हलणार नाही.’

‘दर वेळी येशील?’

‘दर वेळी.’

‘म्हणजे रविवार गेले तुझे.’

‘गेले,’ मी म्हणालो, आणि ते मला खरोखर जाताना दिसले, एकामागून एक, उशिरा उठण्याचे, लोळण्याचे, कुणालाच काही न सांगण्याचे.

इंजिन खोकलं आणि लागलं. मी पुढच्या टोकावर जाऊन बसलो. धक्का मागे सरला. उन्हं उतरली होती आणि पाण्यावर इतका चकचकाट होता की मलाही नीट दिसत नव्हतं.

‘डावीकडे?’ बाबांनी मागून विचारलं.

‘काही नाही.’

‘उजवीकडे?’

उजवीकडून मालाची एक मोठी बोट येत होती.

‘एक बोट आहे.’

‘लांब?’

‘लांब आहे,’ मी म्हणालो. सवयीने.

इंजिनाचा आवाज खाली आला. बाबा थांबले होते.

‘खरं सांग,’ ते म्हणाले.

‘जवळ आहे, बाबा. आपल्याच अंगावर येतेय.’

‘हं,’ ते म्हणाले, आणि बोट वळली.